बालागेर, व्हिक्तोर
बालागेर, व्हिक्तोर : (११ डिसेंबर १८२४–१४ जानेवारी १९०१). कॅटलान (ईशान्य स्पेनमधील कॅटलोनिया प्रदेशाचा) कवी, नाटककार, इतिहासकार व उदारमतवादी राजकारणी. जन्म बार्सेलोना येथे. एकोणिसाव्या शतकातील कॅटलान भाषा-साहित्याच्या पुनरुज्जीवनाचा (रनाशेन्सा) एक प्रमुख प्रवर्तक.

या चळवळीचा आरंभ सामान्यतः १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅटलान कवी आरिबाऊच्या ‘ला पात्रिआ’ या कवितेपासून मानतात. मात्र आरिबाऊने पुढे कॅटलानमध्ये फारसे लेखन केले नाही. चळवळीची वैचारिक मांडणी कवी रुबिओ इ ओर्सच्या १८४१ मधील काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत आढळते. काही अभ्यासक १८५९ हेच वर्ष निर्णायक मानतात आणि ते अधिक ग्राह्य वाटते; कारण त्या वर्षी बार्सेलोनात ‘जोक्स फ्लोराल्स’ (पुष्पक्रीडा) ही काव्यस्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि चळवळीला दरवर्षीचे व्यासपीठ लाभले. स्पर्धेचे मूळ दक्षिण फ्रान्समधील तुलूझ येथील चौदाव्या शतकातील काव्यसंमेलनात असून आरागॉनचा राजा पहिला जोआन याने १३९३ मध्ये बार्सेलोनात तिची स्थापना केली. पुनरारंभाचे श्रेय इतिहासकार बोफारुलचे की बालागेरचे, हा वाद जुना आहे. सात परीक्षकांत हे दोघेही होते. परीक्षक मंडळाचा अध्यक्ष साहित्याभ्यासक मिला इ फोंतानाल्स होता. कल्पनेचा पाठपुरावा बोफारुलने आधी केलेला दिसतो. तिला लोकाश्रय मिळवून देण्यात बालागेरचा वाटा मोठा असावा. देशभक्ती, श्रद्धा व प्रेम या विषयांवरील कवितांना अनुक्रमे सोन्याचे रानगुलाबाचे फूल, सोन्या-चांदीचे व्हायोलेट आणि खरे फूल अशी पारितोषिके असत. तिन्ही मिळवणारा ‘मेस्त्रे एन गाय साबेर’ (काव्यकलेचा आचार्य) होई. १८६१ मध्ये हा किताब बालागेरला मिळाला.

बार्सेलोनाच्या एशाम्प्ला या नव्या वस्तीतील रस्त्यांची नावे त्यानेच १८६३ मध्ये सुचवली. आरागो, व्हालेन्सिआ, माल्योर्का ही जुन्या आरागॉन राज्यातील प्रदेशांची, तर ‘कोन्सेल दे सेन्त’ हे बार्सेलोनाच्या बरखास्त झालेल्या नगरसभेचे नाव. ती आजही वापरात आहेत. रोजच्या पत्त्यांत इतिहास जिवंत ठेवणारी ही कामगिरी त्याच्या कवितेहून टिकाऊ ठरली आहे. त्याचा कॅटलोनियाचा बहुखंडी इतिहास (१८६०–६३) मात्र स्पॅनिशमध्ये आहे.

स्पेनच्या इसाबेल राणीविरोधी राजकारणामुळे तो दक्षिण फ्रान्समधील प्रॉव्हान्समध्ये निर्वासित झाला. तेथे प्रॉव्हान्साल कवी फ्रेदेरिक मिस्त्रालशी त्याचा स्नेह जुळला. या पाहुणचाराची आठवण म्हणून कॅटलान मित्रांनी १८६७ मध्ये प्रॉव्हान्सच्या कवींना चांदीचा चषक भेट दिला. पुढे बालागेर स्पेनच्या वसाहत खात्याचा मंत्री झाला (१८७१, पुन्हा १८८६–८८). व्हिलानोव्हा इ ला जेल्त्रू येथे त्याने स्थापन केलेले ग्रंथालय-संग्रहालय १८८४ मध्ये खुले झाले. माद्रिद येथे त्याचे निधन झाले.