काचेच्या बरणीतलं राजकारण

निवडणुकीचा वाद रंगला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्याचा फायदा आहे, म्हणून तो त्या पक्षाचा." हे आपण नेहमी दुसऱ्याबद्दल म्हणतो. स्वतःबद्दल विचारलं तर प्रत्येक जण सांगतो की मी दोन्ही बाजू ऐकल्या, विचार केला आणि मग ठरवलं. म्हणजे दुसऱ्याची निष्ठा परिस्थितीनं घडवलेली आणि आपली मात्र बुद्धीनं. सगळ्यांचंच हे म्हणणं एकाच वेळी खरं असू शकत नाही. परिस्थितीचा वाटा नेमका किती, हे शोधण्याची एक पद्धत संशोधकांना सापडली आहे आणि ती मला इतकी आवडते की तिच्यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

आधी अडचण समजून घेऊ. एखाद्या देशात सधन लोक अमुक पक्षाला जास्त मतं देतात असं दिसलं. यावरून पैशानं मत बदलतं असं म्हणता येईल का? कदाचित ज्या स्वभावामुळे माणसानं पैसा मिळवला, त्याच स्वभावामुळे त्याला तो पक्ष आवडत असेल. कदाचित पैसा आणि पक्ष दोन्ही वडिलांकडूनच आले असतील. दहा हजार लोकांना विचारा नाहीतर दहा लाख लोकांना, हा गुंता नुसत्या सर्वेक्षणानं सुटत नाही. खरा प्रयोग करायचा तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांच्या आयुष्यात उलथापालथ घडवावी लागेल आणि उरलेल्यांना तसंच ठेवावं लागेल. असं करायची परवानगी कुठल्याही शास्त्रज्ञाला मिळणार नाही. पण सरकारांनी हे केलेलं आहे.

१ डिसेंबर १९६९. व्हिएतनाम युद्ध चालू होतं आणि सक्तीच्या लष्करभरतीत आधी कुणाला बोलवायचं, हे ठरवण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये सोडत काढली गेली. एका मोठ्या काचेच्या बरणीत प्लास्टिकच्या निळ्या कुप्या होत्या, मोजून ३६६. प्रत्येक कुपीत वर्षातली एक तारीख लिहिलेली चिठ्ठी, २९ फेब्रुवारीसकट. टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं. पहिली कुपी उघडली, तारीख निघाली १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० या काळात १४ सप्टेंबरला जन्मलेला प्रत्येक तरुण त्या क्षणी यादीत पहिला झाला. कुप्या एकामागून एक निघत गेल्या. सगळ्यात शेवटी, ३६६ व्या क्रमांकावर, ८ जून आली. पुढे १९५ व्या क्रमांकापर्यंतच्या तरुणांना बोलावणं गेलं, त्यापुढचे सुटले. एकाच वर्गात शेजारी बसणारे, सारखे गुण मिळवणारे, सारख्याच घरातून आलेले दोघे, आणि त्यांच्यातला फरक फक्त त्या निळ्या कुपीचा.

या सोडतीत एक चूक झाली होती आणि ती संख्याशास्त्राच्या वर्गात आजही शिकवली जाते. बरणीत ओतण्याआधी कुप्या महिन्यामहिन्यानं एका पेटीत टाकल्या गेल्या. जानेवारी आधी, डिसेंबर शेवटी. नंतर त्या पुरेशा ढवळल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांच्या तारखा लवकर बाहेर आल्या. सोडत अगदी निर्भेळ असती तर प्रत्येक महिन्याचा सरासरी क्रमांक १८३ च्या आसपास आला असता. प्रत्यक्षात मार्चचा आला २२५ च्या वर आणि डिसेंबरचा जेमतेम १२१. डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांवर हा चक्क अन्याय होता. पुढच्या सोडतीत पद्धत बदलली: तारखांसाठी एक पिंप, क्रमांकांसाठी दुसरं.

जन्मतारखेवरून भविष्य सांगणाऱ्यांसाठी याहून मोठा धडा नाही. त्या दिवशी लाखो तरुणांचं नशीब खरोखरच जन्मतारखेवर ठरलं. पण त्यात ना ग्रहांचा हात होता ना नक्षत्रांचा. डिसेंबरवाल्यांना साडेसाती लागली नव्हती, पेटी नीट हलवली गेली नव्हती. कारण शोधलं की सापडतं आणि सापडलं की पुढच्या वर्षी दुरुस्तही करता येतं.

मग या चुकीमुळे प्रयोग बाद होतो का? नाही, आणि हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. आपल्याला हवं आहे ते एवढंच की मिळालेला क्रमांक आणि माणसाचे आधीचे राजकीय विचार यांचा एकमेकांशी संबंध नसावा. डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांना खालचे क्रमांक जास्त मिळाले, हे खरं. पण डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं मार्चमध्ये जन्मलेल्यांपेक्षा राजकीयदृष्ट्या मुळातच वेगळी असतात असं मानायला काहीच आधार नाही. म्हणून तुलना शाबूत राहते. अशा प्रसंगाला 'नैसर्गिक प्रयोग' म्हणतात. तो शास्त्रज्ञानं मांडलेला नसतो, आयुष्यानं मांडून ठेवलेला असतो. शास्त्रज्ञाचं काम तो ओळखण्याचं.

रॉबर्ट एरिक्सन आणि लॉरा स्टोकर या राज्यशास्त्रज्ञांनी तो ओळखला. अमेरिकेत १९६५ साली शाळेच्या शेवटच्या वर्गात असलेल्या मुलामुलींच्या राजकीय मुलाखती घेतल्या गेल्या होत्या आणि त्याच माणसांना पुढे १९७३, १९८२ आणि १९९७ मध्ये पुन्हा गाठलं गेलं होतं. म्हणजे सोडतीच्या चार वर्षं आधी ही मुलं कुठल्या पक्षाची होती, याची नोंद तयारच होती. जन्मतारखाही माहीत होत्या, त्यामुळे प्रत्येकाचा क्रमांक कळत होता. दोघांनी २०११ मध्ये निष्कर्ष छापले. खालचा, म्हणजे धोक्याचा क्रमांक मिळालेले तरुण जास्त युद्धविरोधी झाले, जास्त उदारमतवादी झाले आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळले. शाळेत असताना जो पक्ष आपला म्हणून सांगितला होता, तो सोडून देण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त. घरातून आलेल्या पक्षनिष्ठेपेक्षा बरणीतून आलेल्या क्रमांकाचा प्रभाव मोठा निघाला. नमुना फार मोठा नव्हता, काही शे तरुणांचाच होता, हेही सांगायला हवं. पण मागमूस १९९०च्या दशकातल्या मुलाखतींतही दिसतो, म्हणजे हे तरुण पन्नाशीला टेकले तेव्हासुद्धा.

आता यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. साहजिक शंका येते की खालच्या क्रमांकाचे तरुण युद्धावर गेले, तिथं जे पाहिलं त्यानं बदलले. एरिक्सन आणि स्टोकर यांनी ही वाट तपासली. क्रमांकाचा परिणाम जर लष्करी सेवेच्या वाटेनं येत असेल, तर सेवा केलेल्यांचा हिशेब वेगळा काढल्यावर तो परिणाम विरघळायला हवा. तो विरघळला नाही. सेवा केली की नाही, यानं फरक पडला नाही. रणांगण न पाहिलेलेही बदलले. त्यांना बदलायला टांगती तलवार पुरली. तुमचं नाव एका यादीत आहे, ती यादी सरकारनं केली आहे आणि वर्षभरात केव्हाही पत्र येऊ शकतं. अशा वेळी वर्तमानपत्रातली युद्धाची बातमी माणूस वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. आधी ज्या युक्तिवादावरून नजर नुसती घसरत होती, त्यावर आता थांबतो. मित्रांना प्रश्न विचारतो. ज्याचं जळतं त्याला कळतं असं आपण म्हणतो. इथं अजून जळलंही नव्हतं, धग तेवढी लागली होती.

पण यावरून 'खिशाला चटका बसला की माणूस पक्ष बदलतो' असा सरळ नियम काढायला गेलो तर तो मोडतो. डोनाल्ड किंडर आणि रॉडरिक किविएट यांनी १९८१ मध्ये दाखवलं की अमेरिकी मतदार स्वतःच्या आर्थिक हलाखीपेक्षा देशाची अर्थव्यवस्था कशी चालली आहे, या आपल्या समजुतीवर मत जास्त ठरवतात. नोकरी गेलेला माणूस सत्ताधाऱ्यांवर उलटतोच असं नाही. तो म्हणतो, माझी कंपनी बुडाली, माझं कौशल्य जुनं झालं, माझं नशीब वाईट. दुःख आहे, पण त्यावर सरकारचा पत्ता लिहिलेला नाही. सोडतीच्या क्रमांकावर तो ठळक लिहिलेला होता. माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. परिस्थिती राजकारण घडवते, पण सरकारचा हात त्यात दिसला तर.

हात असूनही दिसला नाही तर काय होतं, तेही मोजलेलं आहे. सुझान मेटलर यांच्या २००८ च्या सर्वेक्षणात लोकांना आधी विचारलं की तुम्ही कधी सरकारी योजनेचा लाभ घेतला आहे का. नंतर एकेका योजनेचं नाव घेऊन विचारलं. घरकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनी आधी सांगितलं होतं की आपण सरकारी योजना कधीच वापरली नाही. ते खोटं बोलत नव्हते. पैसे हातात पडत नाहीत, नुसता कर कमी भरावा लागतो. मदत म्हणून ती जाणवतच नाही. मग असा माणूस मनापासून मानतो की मी माझ्या पायावर उभा आहे आणि सरकारनं लोकांना पोसणं बंद करावं.

लॉटरी हाही असाच एक नैसर्गिक प्रयोग. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांच्या मुलाखती घेणाऱ्या पाहणीवरून अँड्र्यू ऑस्वाल्ड आणि नट्टवुध पौधवी यांनी दाखवलं की लॉटरी लागलेले लोक उजव्या पक्षाकडे झुकतात आणि रक्कम मोठी तितका झुकाव जास्त. अमेरिकेतल्या लॉटरी विजेत्यांवरचा २००६ चा अभ्यास थोडं वेगळं सांगतो. त्यांचा विरोध मुख्यतः वारसा मालमत्तेवरच्या कराला वाढला. समाजातली विषमता, सरकारची भूमिका अशा मोठ्या प्रश्नांवरची मतं फारशी हलली नाहीत. सरकार जिथं नेमकं त्यांच्या पैशाला हात लावतं, तिथंच मत बदललं.

माझ्या 'दिसणाऱ्या हाता'च्या मांडणीला थोडा छेद देणारं एक उदाहरण अर्जेंटिनातलं आहे. १९८१ मध्ये ब्युनोस आयर्सच्या वेशीवर सुमारे १८०० कुटुंबांनी पडीक जमिनीवर घरं बांधली. त्यांना वाटलं जमीन सरकारी आहे. ती निघाली अनेक खासगी मालकांची. सरकारनं मोबदला देऊन ती ताब्यात घ्यायचं ठरवलं. काही मालकांनी पैसे घेतले, काही कोर्टात गेले. आपण कुणाच्या तुकड्यावर झोपडी बांधतोय, हे बांधणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यामुळे काहींच्या हातात मालकीचे कागद पडले आणि त्यांचे शेजारी वर्षानुवर्षं तसेच राहिले. नंतर संशोधकांनी दोन्ही गटांना प्रश्न विचारले. कागद मिळालेले लोक जास्त प्रमाणात म्हणाले की माणूस एकट्याच्या बळावर पुढे जाऊ शकतो, सुखासाठी पैसा महत्त्वाचा आहे. बाजारावरच्या विश्वासाचा त्यांचा निर्देशांक शेजाऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी वर होता. बाकी दोघांचं आयुष्य सारखंच. वास्तविक कागद सरकारनंच मिळवून दिले होते, तरी विश्वास वाढला तो स्वतःच्या कर्तबगारीवर. म्हणजे परिस्थिती पक्षाच्याही खालचा थर हलवू शकते, जग कसं चालतं याची समजूतच बदलू शकते, आणि त्यासाठी सरकारचा हात दिसावाच लागतो असं नाही.

हे सगळं कुठल्या वयात घडतं, यालाही महत्त्व आहे. याइर गिट्झा आणि अँड्र्यू गेलमन यांनी अमेरिकी मतदारांच्या कित्येक पिढ्यांचे आकडे एकत्र करून पाहिलं तेव्हा साधारण १४ ते २४ या वयातल्या राजकीय घटनांचा ठसा सर्वांत खोल निघाला. अठराव्या वर्षी घडलेली घटना चाळिशीतल्या घटनेच्या जवळजवळ तिप्पट वजनाची ठरते. पाओला जुलियानो आणि अँटोनिओ स्पिलिम्बर्गो यांनाही तसंच आढळलं. १८ ते २५ या वयात मंदी सोसलेले लोक पुढे आयुष्यभर 'यशात मेहनतीपेक्षा नशिबाचा वाटा मोठा' असं जास्त मानतात आणि संपत्तीच्या फेरवाटपाच्या बाजूचे असतात. व्हिएतनामच्या सोडतीत सापडलेले तरुण नेमके याच वयाचे होते.

या विषयावर अधूनमधून वेगळ्याच बातम्या झळकतात: पुराणमतवादी आणि उदारमतवादी माणसांचे मेंदूच वेगळे असतात, भीतीदायक चित्र दाखवलं की त्वचेला सुटणाऱ्या घामावरून पक्ष कळतो. त्वचेचा तो गाजलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात अवघी ४६ माणसं होती. २०२० मध्ये तो मोठ्या नमुन्यावर पुन्हा केला, तेव्हा निष्कर्ष आलाच नाही. पहिल्या बातमीला जेवढी जागा मिळाली, तेवढी दुसरीला मिळाली नाही. 'तो जन्मतःच तसा' हे ऐकायला सोपं वाटतं, कारण मग त्याच्या आयुष्यात डोकावायची गरज उरत नाही.

एकदा वळलेली निष्ठा टिकते कशी, याचं उत्तर एका जुन्या अभ्यासात आहे. थिओडोर न्यूकम हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात व्हरमाँटमधल्या बेनिंग्टन कॉलेजात शिकवायला आले. मुलींचं कॉलेज, घरं बहुतेक सधन आणि रिपब्लिकन, शिक्षक मात्र डावीकडे झुकलेले. १९३६ च्या निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या ६२ टक्के मुलींचा कौल रिपब्लिकन उमेदवार लँडन यांना होता. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींमध्ये हा आकडा १५ टक्क्यांवर आला होता. पाव शतकानं न्यूकम यांनी त्यांना पुन्हा शोधून काढलं, तेव्हा बहुतेक जणी अजून तिथंच होत्या. १९६० मध्ये त्यांच्यातल्या बहुसंख्य जणींचा कौल डेमोक्रॅटिक उमेदवार केनेडींना होता. त्यांचे नवरे आणि मैत्रिणीही त्याच मतांच्या निघाल्या. कॉलेजनं त्यांचे विचार बदलले आणि त्या विचारांनी मग पुढची माणसं निवडली, ज्यांच्यात ते विचार रोज पुन्हा ऐकू येत राहिले.

एरिक्सन आणि स्टोकर यांच्या आकड्यांत सुरक्षित क्रमांकाच्या तरुणांकडे सहसा कुणी बघत नाही. शाळेत जो पक्ष सांगितला होता, तोच ते पुढेही जास्त प्रमाणात सांगत राहिले. त्यांना कुणी विचारलं असतं तर तेही म्हणाले असते की विचार करून ठरवलंय. त्यांच्या कुप्या फक्त बरणीत थोड्या खाली पडल्या होत्या.