गोळी कुणाला मिळाली, हे लपवायचं कसं?

मंद उजेडाची खोली, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत. सायलोसायबिन या भास घडवणाऱ्या द्रव्याची कॅप्सूल घेतलेला नैराश्याचा रुग्ण सहा ते आठ तास असा पडून असतो. शेजारी बसलेले दोन प्रशिक्षित थेरपिस्ट फारसं बोलत नाहीत, तो घाबरला तर धीर देतात. आधी विश्वास जमवण्याच्या बैठका, नंतर जे दिसलं-जाणवलं त्याची संगती लावण्याच्या. ‘एका डोसात नैराश्य गायब’ छापाच्या बातम्यांत ही सगळी उस्तवार हमखास गाळलेली असते.

सायलोसायबिन हे काही रानटी अळंब्यांमधलं द्रव्य. ते वेगळं काढणारे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन हे एलएसडी या तशाच द्रव्याचेही जनक. 1970 साली अमेरिकेने अशी द्रव्यं कडक निर्बंधांच्या यादीत टाकली आणि संशोधन काही दशकं जवळपास ठप्प झालं.

शरीरात त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूत निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाच्या एका विशिष्ट रिसेप्टरला, म्हणजे ते रसायन जिथे बसतं त्या जागेला, जाऊन चिकटतं. ‘मी असाच, माझं काही खरं नाही’ हे दळण दळत बसणाऱ्या मेंदूतल्या जाळ्याची घडी त्यामुळे काही काळ विस्कटते, असं स्कॅनमध्ये दिसतं. आराम पडतो तो याचमुळे का, हे अजून सिद्ध व्हायचंय.

आकडे आशादायक आहेत, पण चमत्काराचे नाहीत. 2022 साली इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या 233 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. 25 मिलीग्रॅमचा एकच डोस मिळालेल्यांपैकी 37 टक्क्यांना तीन आठवड्यांनी ठळक उतार होता. बारा आठवड्यांपर्यंत तो टिकला सुमारे 20 टक्क्यांत. काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आल्याचीही नोंद आहे.

खरी गोम पुढेच आहे. कुणाला औषध आणि कुणाला नुसती साखरेची गोळी, हे रुग्णाला कळू द्यायचं नाही, हा चाचणीचा पाया. इथे भिंती हलताना दिसल्या की तासाभरात गुपित फुटतं! ज्याला काहीच जाणवलं नाही तो हिरमुसतो, ज्याला जाणवलं त्याची आशा दुणावते, आणि दोन गटांतला फरक आपोआप फुगतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2021 साली एक तोड काढून पाहिली. सायलोसायबिन सगळ्यांनाच मिळेल असं सांगितलं. प्रत्यक्षात एका गटाला 25 मिलीग्रॅमचे दोन डोस, दुसऱ्याला जेमतेम 1 मिलीग्रॅमचे आणि जोडीला एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं नेहमीचं औषध. सहा आठवड्यांनी मुख्य मोजपट्टीवर दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. गुपित तिथेही पुरतं राखलं गेलं असेल, असं मला वाटत नाही.

शिवाय स्किझोफ्रेनियाचा किंवा बायपोलरचा इतिहास असलेल्यांना अशा चाचण्यांत सहसा घेतलंच जात नाही, त्यामुळे हे निष्कर्ष त्यांना लागू करता येत नाहीत.

नियामकांचंही एकमत नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023पासून अधिकृत परवानगी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन लिहून द्यायची मुभा दिली, तीही इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने मात्र ऑगस्ट 2024मध्ये, आघातोत्तर तणावासाठी आलेला एमडीएमए या चुलत द्रव्याचा अर्ज परत पाठवला आणि आणखी एक मोठी चाचणी करून या, असं सांगितलं.