कार्ब्युरेटर दुरुस्ती (जुन्या मोटारसायकली)

पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळून इंजिनाला पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरमधील झीज, गंज, गळती व मोडतोड काढून तो पुन्हा मूळ मापांवर आणण्याचे काम. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवर कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. आता हे काम उरले आहे ते बुलेट ३५०, येझदी, राजदूत ३५०, यामाहा आरएक्स १००, हीरो होंडा सीडी १०० अशा जुन्या गाड्यांपुरते. बुलेटवर आधी ब्रिटिश अमाल आणि नंतर मिककार्ब, म्हैसूरच्या जावा-येझदीवर चेक घडणीचा जिकोव्ह, तर आरएक्स १०० वर मिकुनी हे कार्ब्युरेटर मुख्यतः दिसतात. या सगळ्यांत वरखाली सरकणारी गोल स्लाइड असते, त्यामुळे त्यांची दुखणीही बरीचशी सारखी आहेत.

रचना व कार्य : इंजिनाने ओढलेली हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब घटतो, त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून (ठरावीक मापाचे बारीक भोक असलेल्या पितळी तुकड्यातून) वर ओढले जाते. वाटीतली पातळी फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग) आणि त्याने उघडमिट होणारी निडल व्हॉल्व राखते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण सगळ्या वेगांना सांभाळायला एक जेट पुरत नाही. स्लो चालताना (थ्रॉटल सोडलेला, इंजिन मंद फिरत असताना) पायलट जेट आणि एअर स्क्रू, थ्रॉटल थोडा उघडला की स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरका काप, साधारण पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत स्लाइडला लटकणारी निमुळती निडल व तिचा जेट, आणि त्यापुढे मेन जेट, असे काम वाटलेले असते. तक्रार थ्रॉटलच्या कोणत्या टप्प्यावर येते हे गिऱ्हाइकाकडून नीट काढून घेतले, तर अर्धे निदान कार्ब्युरेटर खोलण्याआधीच होते.

नुकसानीची कारणे : जुना कार्ब्युरेटर पेट्रोलने जितका खराब होतो त्याहून जास्त तो खोलणाऱ्याच्या हाताने होतो. वाटीचे स्क्रू जपानी गाड्यांवर जपानी धाटणीच्या चौफुलीचे असतात. त्यांवर साधा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर लावला की टोक घसरते, डोके गुळगुळीत होते, आणि मग छिन्नी-हातोडी निघते. पितळी जेटची खाच रुंद ड्रायव्हरने चेमटणे, एअर स्क्रू पुरा आवळून त्याचे टोकदार नाक बसकणीत (ते टेकते त्या सीटमध्ये) रुतवणे, फ्लोटची पिन उलट्या बाजूने ठोकून तिचा खांब मोडणे ही नेहमीची उदाहरणे. खांब मोडणे यांतले सर्वांत वाईट. बऱ्याच जुन्या बॉड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या साचेबंद ओतीव असतात आणि तो धातू ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. साध्या ज्योतीने जोडायला गेले तर खांबाबरोबर बॉडीही ढासळते. कमी तापमानाच्या खास सळईने जोड देता येतो. तेही न जमल्यास बारीक भोक पाडून पितळी खुंटी बसवतात. इपॉक्सीचा लेप काही महिने धरतो, पण इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये तो बहुधा मऊ पडतो. त्याच्यावर विसंबून लांबच्या प्रवासाला निघू नये.

गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट, तपकिरी डिंकासारखा थर राहतो. पायलट जेटचे भोक मुळात अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, त्यामुळे पहिला तोच बुजतो. चोक ओढला तर गाडी चालते, चोक बंद केला की स्लोला टिकत नाही, बंद पडते, हे त्याचे ठरलेले लक्षण. पाणी शिरले असेल तर बॉडीवर पांढरी भुकटी आणि पितळेवर हिरवट थर येतो. भुकटीखाली धातू खड्डे पडून खाल्लेला असतो. तो स्वच्छ होतो, भरून येत नाही.

सफाई : खोलताना आधी एअर स्क्रू पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे फिरतो ते मोजून लिहावे, निडलची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे ते पाहावे, आणि जेटवरचे आकडे टिपावेत. आधीच्या कोणी चुकीचा जेट घातलेला असू शकतो, म्हणून हे आकडे गाडीच्या पुस्तिकेशी ताडणे आवश्यक. नंतर सर्व रबर आणि प्लॅस्टिकचे भाग वेगळे काढून बॉडी अल्ट्रासोनिक यंत्रात किंवा कार्ब क्लीनरने धुतात. थिनर डिंक काढतो पण ओ-रिंगही फुगवतो. कॉस्टिक सोडा आणि तीव्र आम्ल जस्त व ॲल्युमिनियम खातात. काही ठिकाणी लिंबाच्या पाण्यात उकळण्याची पद्धत आहे, तीही बॉडीचा वरचा थर घालवतेच.

जेट तारेने टोकरणे ही सवय मात्र सगळ्यात महाग पडते. ०.४० मिमी. व्यासाचे भोक घासून ०.४४ मिमी. झाले, तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. जेटवर आकडा तोच राहतो, पेट्रोल मात्र पाचव्या हिश्श्याहून जास्त जाते, आणि मग ट्यूनिंग कशानेच जमत नाही. क्लीनरमध्ये भिजवून उलट दिशेने हवा मारावी. फारच झाले तर भोकाहून बारीक नायलॉनचा धागा. बॉडीतल्या वाटाही तपासायच्या असतात. पायलटच्या भोकात क्लीनर फवारला की गळ्यात स्लाइडखाली इंजिनच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांतून तो सरळ धारेत बाहेर आला पाहिजे.

फ्लोट आणि पातळी : पेट्रोल ओव्हरफ्लो होत असेल तर निडल व्हॉल्वचे टोक भिंगाखाली पाहावे. टोकावर गोल खोबण उमटली असेल तर व्हॉल्व बदलावा. शक्य तर बसकणीसह, कारण नवी निडल जुन्या झिजलेल्या बसकणीवर लवकरच गळते. पितळी फ्लोट हलवून आत पेट्रोल खळखळते का ते ऐकावे. गरम पाण्यात बुडवला की चिरेतून बुडबुडे येतात. झाळ देण्याआधी आतले सगळे पेट्रोल काढून फ्लोट पूर्ण सुकवावा, नाहीतर तापवताना आतली वाफ पेटते. हवा निसटायला एक छिद्र ठेवून ते शेवटी बुजवतात. झाळ कमीत कमी लावावी : फ्लोट जड झाला की तो उशिरा वर येतो आणि वाटीतली पातळी चढते. पातळी अंदाजाने ठरवू नये. वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी जोडून ती बॉडीलगत उभी धरली की खरी पातळी डोळ्यांनी दिसते.

फ्लँज व स्लाइड : इंजिनाला दोन बोल्टांनी जोडलेल्या कार्ब्युरेटरचा फ्लँज (जोडाची सपाट कड) हा बोल्ट जास्त आवळल्याने कानांकडे वाकतो. मधल्या फटीतून जादा हवा शिरते, स्लो वरखाली होतो आणि इंजिन गरम होते. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) फट कळते. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज आठाच्या आकड्यात घासला की तो सपाट होतो. नंतर पॅकिंग व ओ-रिंग नवी घालून दोन्ही बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत. फार वाकलेल्या फ्लँजबरोबर स्लाइडचा दंडगोलही किंचित दबतो आणि स्लाइड वरच अडकू शकते. थ्रॉटल सोडूनही गाडी पळत राहिली तर काय होईल, हे सांगायला नको.

झिजलेल्या स्लाइडवर घरगुती उपाय नाही. ती हाताला खडखडत असेल तर कडेने हवा गळते आणि स्लो कधीच स्थिर होत नाही. ब्रिटनमध्ये जुन्या अमालच्या स्लाइडला बाहेरून नळी चढवून व बॉडी त्या मापाने बोअर करून देणारे कारागीर आहेत. आपल्याकडे बहुतेक जण सुस्थितीतली दुसरी बॉडी शोधतात. निडल व निडल जेट नेहमी जोडीने बदलावेत. निडल जेटचे गोल भोक घासून लंबगोल झाले की मधल्या वेगाला धूर व पेट्रोलखर्च वाढतो आणि मेन जेट बदलून काही फरक पडत नाही. गेलेले आटे मोठ्या मापाचा स्क्रू कोंबून नव्हे, तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालून भरावेत.

ट्यूनिंग : इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच करतात. एअर स्क्रू साधारण दीड फेरा उघडून सुरुवात करायची आणि इंजिन सर्वांत जलद व सलग चालेल तिथे थांबायचे. येथे एक गोंधळ कायम होतो : मिकुनी व्हीएम जातीत हा स्क्रू हवा आवरतो, म्हणून तो आत फिरवला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होते, स्लाइडच्या इंजिनाकडच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्ब्युरेटरात तोच फेरा मिश्रण लीन (पेट्रोल कमी) करतो. राजदूत ३५० ला दोन कार्ब्युरेटर असल्याने दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का, हे आधी केबलवर जुळवावे लागते. प्लगवर काजळी म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन, कॉफीसारखा तपकिरी म्हणजे योग्य. चोकच्या प्लंजरचे रबर कडक झाले असेल तर सगळे जेट बरोबर असूनही प्लग काळाच राहतो, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकला लीन चालवणे धोक्याचे, कारण पिस्टन जाम होतो. शंका असेल तिथे मेन जेट एक माप मोठाच ठेवावा. लडाखला जाणाऱ्यांचे उलट असते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, हवा विरळ, म्हणून पुण्यात बरोबर असलेली गाडी तिथे रिच होते.

इथेनॉल व सुटे भाग : पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्यातला चांगला वाटा महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींतून येतो. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण थोडे लीन पडते. तो हवेतले पाणी शोषतो आणि जुने रबर फुगवतो किंवा चिरवतो. उपाय साधे आहेत : ओ-रिंग व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, मेन जेट गरजेनुसार एक माप वाढवून प्लग पाहावा, आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी.

पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत रिपेअर किट सहज मिळते, पण स्वस्त किटमधल्या जेटवर छापलेला आकडा आणि त्याचे भोक यांचा मेळ असेलच असे नाही. त्यातली पॅकिंग व ओ-रिंग वापरून मूळ पितळी जेट, झिजले नसतील तर, तेच परत बसवणे श्रेयस्कर. नवा जेट घालायचाच असेल तर मापाच्या पिनने भोक तपासावे.