हँडिकॅपचं सूत्र आणि त्यातल्या पळवाटा: शिडाच्या बोटींच्या रेटिंगची पार्श्वभूमी

लहानमोठ्या बोटी एकाच शर्यतीत उतरवायच्या, तर प्रत्येकीला एक आकडा, म्हणजे रेटिंग, देऊन त्यावरून वेळेत सवलत ठरवतात; हीच हँडिकॅप. ३४ फूट लांब, १० फूट रुंद बोट घ्या. लांबीतून रुंदी वजा करा, उत्तराला रुंदीनं आणि मग अर्ध्या रुंदीनं गुणा, शेवटी ९४ नं भागा. उत्तर येतं १२.८ टन. रॉयल थेम्स यॉट क्लबनं १८५५ मध्ये स्वीकारलेलं हे माप. टनेज कमी, तर वेळेची सवलत जास्त. आता लांबी तेवढीच ठेवून रुंदी ६ फुटांवर आणा: ५.४ टन. चार फूट रुंदी छाटली की बोट कागदावर निम्म्याहून लहान होते, वेग मात्र तसा घटत नाही.

या मापाचं मूळ मालवाहू जहाजांच्या करआकारणीत होतं. भरलेल्या जहाजाची खोली मोजता येत नसे, म्हणून ती रुंदीच्या निम्मी धरत. कर वसूल करायला एवढं पुरे होतं. शर्यतीत मात्र रुंदीला दोनदा दंड बसला; खोली आणि शिडाचं क्षेत्रफळ फुकटात सुटलं. साहजिकच बोटी अरुंद आणि खोल होत गेल्या, आणि त्या उभ्या राहाव्यात म्हणून तळाशी शिसं वाढत गेलं. ‘ऊना’ या बोटीनं टोक गाठलं: पाण्याच्या रेषेवर लांबी ३४ फूट, रुंदी जेमतेम साडेपाच. १८८६ मध्ये ती आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटली. तिचा आरेखकही तिच्यासोबत गेला.

मग ब्रिटिश नौका-आरेखक डिक्सन केम्प यांच्या सूचनेवरून पाण्याच्या रेषेवरची लांबी गुणिले शिडाचं क्षेत्रफळ, भागिले ६००० असं सूत्र आलं. अमेरिकेत आरेखक नॅथॅनियल हेरेशॉफ यांनी विस्थापनही (बोट जेवढं पाणी बाजूला सारते त्याचं वजन, म्हणजे बोटीचंच वजन) हिशेबात घेतलं: बोट जड, तर रेटिंग सौम्य. १९०६ मध्ये लंडनच्या बैठकांतून मीटर नियम ठरला. सहा, आठ, बारा मीटरच्या बोटी त्यातल्याच. (‘बारा मीटर’ हे सूत्राचं उत्तर आहे, बोटीची लांबी नव्हे. नवखे लोक इथे हमखास फसतात.)

१९७० च्या सुमारास ब्रिटिश आणि अमेरिकन नियम एकत्र करून आयओआर (इंटरनॅशनल ऑफशोअर रूल) आला, आणि जुनाच खेळ नव्यानं सुरू झाला. हलची, म्हणजे बोटीच्या मुख्य सांगाड्याची, मापं ठरलेल्या बिंदूंवर घेत. आरेखकांनी नेमक्या त्या बिंदूंवर फुगवटे काढले आणि मागचा भाग चिमटीत धरल्यासारखा निमुळता केला. मुख्य शीड लहान, पुढची शिडं अवाढव्य. सर्वांत वाईट म्हणजे, कलल्यावर सहज सावरणाऱ्या बोटीला दंड होता, डळमळीत बोटीला सवलत. १९७९ च्या फास्टनेट या इंग्लंडमधून निघणाऱ्या सागरी शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळात १५ स्पर्धक दगावले. सगळा दोष नियमावर टाकणं अन्याय्य ठरेल, कारण वादळच भयंकर होतं. तरी बोटी उलटतात का आणि किती वेळ उलट्या राहतात, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना.

टेप बाजूला ठेवून थेट निकालांवरून आकडा काढायचा, ही दुसरी वाट आधीपासून होतीच. पोर्ट्समथ यार्डस्टिक या ब्रिटिश पद्धतीत लागलेला वेळ गुणिले १०००, भागिले बोटीच्या प्रकाराचा आकडा. ११०० आकड्याच्या बोटीची ६६ मिनिटं आणि ९०० आकड्याच्या बोटीची ५४ मिनिटं, दोन्हींचा सुधारित वेळ ६०. क्लबांच्या निकालांवरून हे आकडे सुधारत राहतात. ज्या प्रकारात शिकाऊ मंडळी जास्त, त्याचा आकडा सैल, म्हणजे जास्त सवलतीचा, होतो, आणि मुरलेला खलाशी नेमकी तीच बोट निवडतो.

मोजमापवाल्यांनी दोन उत्तरं काढली. आयआरसी या रेटिंग पद्धतीनं सूत्रच गुप्त ठेवलं. बोटीला मिळतो फक्त एक गुणक, ज्यानं तिच्या वेळेला गुणायचं. दुसरीकडे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेत १९७० च्या दशकात वेगाचा अंदाज करणारा प्रोग्राम तयार झाला: प्रत्येक वाऱ्याला शिडाची ओढ आणि पाण्याचा रोध जिथे समतोल होतात, तो वेग. त्याच घराण्यातली आजची ओआरसी ही रेटिंग पद्धत एकाच बोटीला वाऱ्यागणिक वेगळं रेटिंग देते. मात्र समितीनं वारा चुकीचा नोंदवला, तर प्रमाणपत्र बिनचूक असूनही निकाल बिघडतो.

रेटिंग वेळेला कसं लावायचं, हा वाद वेगळाच. अमेरिकेतल्या पीएचआरएफ या हँडिकॅप पद्धतीत आकडा म्हणजे दर सागरी मैलामागे सेकंद; आकडा कमी, तर बोट वेगवान. ७२ आणि १६८ च्या बोटींत फरक ९६. दहा मैलांच्या शर्यतीत मोठी (७२ ची) बोट लहानीला १६ मिनिटं देणं लागते. वारा पडला की दोघींमधलं खरं अंतर १६ मिनिटांपलीकडे ताणलं जातं आणि मोठी जिंकते; जोराच्या वाऱ्यात ते आवळतं आणि लहान जिंकते.

म्हणून कित्येक क्लब वेळेलाच गुणक लावतात: ६५० भागिले (५५० अधिक रेटिंग). वरच्या बोटींना १.०४५० आणि ०.९०५३. मध्यम वाऱ्यात ५५० ठीक. हलक्या वाऱ्यासाठी तो आकडा वाढवतात, जोराच्या वाऱ्यासाठी घटवतात. या पद्धतीची दुखरी नस भरती-ओहोटीत दिसते. उलट्या प्रवाहात दोन्ही बोटी तासभर जागच्या जागी अडकल्या, तर काही न करता लहान बोटीच्या पदरात ८ मिनिटं २३ सेकंद पडतात. प्रवाह तीव्र असलेल्या ठिकाणी मोठ्या बोटींचे मालक अंतरावरच्या हिशेबाचा आग्रह धरतात तो यामुळे.