बँकेचं व्हॅल्युएशन घर घेणाऱ्यासाठी नसतं

‘बँकेने व्हॅल्युएशन (घराच्या किमतीचा अंदाज) करून कर्ज मंजूर केलं, म्हणजे घर चोख आणि भावही रास्त’ असं जुना फ्लॅट घेताना एजंटापासून नातेवाइकांपर्यंत सगळे सांगतात. ते खरं नाही. हप्ते थकले तर हे घर विकून आपले पैसे सुटतील का, एवढंच बँकेला बघायचं असतं. म्हणून अहवालात बाजारभावाबरोबर घाईच्या विक्रीत येईल ती, त्याहून कमी किंमतही लिहितात.

व्हॅल्युअर कार्पेट एरिया मोजतो, मंजूर नकाशाशी ताडतो, इमारतीचं वय आणि आसपासचे व्यवहार बघतो. बंदिस्त केलेली बाल्कनी किंवा वाढवलेली खोली नकाशात नसेल तर सहसा हिशोबातच धरत नाही. बाथरूमच्या भिंतीआडची गळती, जुनं वायरिंग शोधणं हे त्याचं काम नाही. त्यासाठी स्वतःचा इंजिनिअर न्या.

खरा फटका पैशांत बसतो. समजा सौदा 80 लाखांचा, व्हॅल्युएशन 72 लाखांचं. बँक सहसा दोन्हींतली कमी रक्कम धरते. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा धरलेल्या किमतीच्या 80 टक्के, म्हणजे 64 ऐवजी जास्तीत जास्त 57.60 लाख. स्वतःचे 16 लाख तयार ठेवलेल्याला आता 22.40 लाख लागतात, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. टोकन देताना ‘व्हॅल्युएशन कमी आल्यास रक्कम परत’ ही अट लेखी घ्या. तोंडी आश्वासन तेव्हा कुणालाच आठवत नाही.