दोन ब्रँडच्या लिथियम बॅटऱ्या एकत्र नांदतील का?

घरच्या सौर यंत्रणेला काही वर्षं झाली की बॅटरी अपुरी वाटू लागते. तोवर आधी घेतलेलं मॉडेल बाजारातून गेलेलं असतं. मग प्रश्न पडतो, दुसऱ्या ब्रँडची बॅटरी शेजारी आणून जोडली तर? विकणारा म्हणतो, दोन्ही ४८ व्होल्टच्याच आहेत, बिनधास्त जोडा. मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, जोडू नका. माझ्या मते काही अटी पाळल्या तर समांतर जोडणी जमते. पण त्या अटी पेटीवरच्या ४८ या आकड्यावरून कळत नाहीत.

आधी सेल मोजा. घरगुती बॅटऱ्यांमध्ये हल्ली बहुतेक ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेल असतात. एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.२. असे १५ सेल एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्ट होतात, १६ जोडले की ५१.२. बाजारात दोघांनाही '४८ व्होल्टची बॅटरी' म्हणतात. पायलॉनटेकच्या यूएस मालिकेतल्या बॅटऱ्या १५ सेलच्या आहेत, त्यांचं चार्जिंग ५२.५ ते ५३.५ व्होल्टवर थांबतं. इतर अनेक ब्रँड १६ सेल वापरतात आणि ५६ व्होल्टच्या आसपास जातात.

आता हे दोन प्रकार समांतर जोडले असं समजा. १६ सेलची बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली असताना ५२.८ व्होल्टवर असेल, तर १५ सेलच्या बॅटरीत प्रत्येक सेलला ३.५२ व्होल्ट मिळतील, म्हणजे ती काठोकाठ भरलेली राहील. रात्री भार पडला की सगळी वीज आधी १६ सेलवालीतून जाईल. १५ सेलवाली मनापासून हातभार लावू लागेल ती साधारण ४९.५ व्होल्टवर, आणि तोवर पहिलीत दहा टक्क्यांच्या आसपासच चार्ज उरलेला असेल. दिवसा चार्जिंग ५६ व्होल्टवर ठेवलं तर १५ सेलवालीची सुरक्षा यंत्रणा दार बंद करणार. ५३ वर ठेवलं तर दुसरीतले सेल कधी नीट समतोलात येणार नाहीत. सेलची संख्या वेगळी असेल तर विषय इथेच संपवावा. क्षमता वेगळी असणं मात्र चालतं. १०० आणि २०० अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या समांतर राहू शकतात.

सेलची संख्या सारखी निघाली, की पुढची अडचण एलएफपीच्या स्वभावातून येते. या पदार्थाचा शोधनिबंध टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. (गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते एकूणच लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी, आणखी दोघांबरोबर.) चार्ज करताना या पदार्थातला लिथियम सगळीकडून सारखा विरळ होत जात नाही. काही भाग लिथियमने भरलेला, काही जवळजवळ रिकामा, असे दोन घटक शेजारी शेजारी राहतात आणि त्यांचं प्रमाण बदलत जातं. बर्फ वितळत असताना पाण्याचं तापमान शून्यावरच अडून राहतं, तसंच इथे व्होल्टेज अडून राहतं. २० टक्के ते ८० टक्के या सगळ्या पट्ट्यात सेलचं व्होल्टेज सुमारे ०.१ व्होल्टनेच बदलतं.

म्हणूनच व्होल्टमीटर बघून बॅटरी किती भरली आहे हे सांगता येत नाही. शिवाय एक बॅटरी ७० टक्के आणि दुसरी ५० टक्के असली, तरी दोघींना सारखं व्हायला भाग पाडणारा दाब जवळजवळ नसतोच. या मधल्या पट्ट्यात विद्युतधारा कशी वाटली जाईल हे मुख्यतः रोधावर ठरतं. उदाहरण घेऊ. सुमारे ६ किलोवॅटचा भार आहे, म्हणजे १२० अँपिअर. नव्या बॅटरीच्या वाटेतला एकूण रोध १५ मिलीओहम, जुनीचा ३०. तर नवी ८० अँपिअर देणार आणि जुनी ४०. दोघींची क्षमता सारखी असेल तर नवी आधी तळाला जाते. तिचं व्होल्टेज घसरू लागलं की भार जुनीकडे सरकतो, आणि शेवटी नवी बाजूला झाली की पूर्ण १२० अँपिअर जुनीच्या गळ्यात पडतात. जुनीची मर्यादा १०० अँपिअरची असेल तर तीही बंद होते आणि घरात अंधार. त्या क्षणी जुनीत बराच चार्ज शिल्लक असतो, हे विशेष.

इथे केबलही मोजावी लागते. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे सुमारे अर्धा मिलीओहम असतो. थोडा वाटतो, पण १५ मिलीओहमच्या शेजारी तो हिशोबात येतो, आणि केबलच्या टोकाला नीट न दाबलेला लग (जोडणीचा धातूचा तुकडा) त्याहून जास्त गोंधळ घालतो. प्रत्येक बॅटरीपासून सारख्या लांबीची केबल एकाच बसबारवर, म्हणजे सगळ्या केबल एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीवर, आणावी, हे उत्तम.

माझ्या दृष्टीने सर्वात कटकटीचा भाग म्हणजे संवाद. प्रत्येक बॅटरीतला बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारी तीच सुरक्षा यंत्रणा, इन्व्हर्टरला सांगत असतो की आत्ता इतक्या व्होल्टपर्यंत भर, इतक्याच अँपिअरने भर, इतकेच घे. हे बोलणं कॅन किंवा आरएस४८५ या तारांवरून होतं. प्लग सगळीकडे इथरनेटसारखाच दिसतो, पण कुठली पिन कशासाठी हे ब्रँडनुसार बदलतं. घरगुती इन्व्हर्टर सहसा एकाच बॅटरी-समूहाचं ऐकतो. एका ब्रँडची तार जोडली, तर त्याला वाटतं घरात तेवढीच बॅटरी आहे. ती भरली की तो सगळ्यांचंच चार्जिंग थांबवतो, दुसरी अर्धी रिकामी असली तरी.

म्हणून मिश्र समूहात बरेच जाणकार संवादाची तार काढून ठेवतात आणि इन्व्हर्टरला व्होल्टेजचे आकडे हाताने देतात. १६ सेलसाठी चार्जिंग ५५.२, फ्लोट (भरल्यावर टिकवून धरायचं व्होल्टेज) ५४ आणि खालची मर्यादा ४८ व्होल्ट हे सावध आकडे आहेत. दोन्ही टोकांना थोडी जागा सुटते, त्यामुळे बीएमएसला मध्ये पडायची वेळ क्वचितच येते. ते महत्त्वाचं आहे, कारण भर उन्हात सगळ्या बॅटऱ्या एकदम जोडणीतून सुटल्या तर चार्जरच्या इलेक्ट्रॉनिक्सला झटका बसू शकतो. यात गमावतो काय? प्रत्येक सेलची खबर इन्व्हर्टरपर्यंत पोचत नाही. शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करू नये, तो इशाराही नाही. तिथे बीएमएस दार बंद करेल, त्यावरच भिस्त. चार्ज किती उरला हे कळायला मग समाईक निगेटिव्ह तारेवर एक शंट मीटर, म्हणजे आत-बाहेर जाणारी धारा मोजणारा मीटर, बसवावा.

जोडण्याच्या दिवशी घाई नको. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, काही तास तशाच ठेवा, मग मल्टिमीटर लावा. फरक ०.१ व्होल्टच्या आत हवा. एक ५२ वर आणि दुसरी चार्जरवरून नुकतीच उतरवलेली ५६ वर असेल, आणि वाटेतला एकूण रोध ३० मिलीओहम असेल, तर जोडताक्षणी १३० अँपिअरच्या वर धारा धावते. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा फ्यूज हवाच, कारण एकीत शॉर्ट झाला तर दुसरी त्यात हजारो अँपिअर ओतू शकते. फ्यूज एवढा झोत तोडू शकणारा असावा. क्लास टी याच कामासाठी असतो. डीसी ब्रेकर वापरायचा तर धन-ऋण दिशा ठरलेला घेऊ नका. बॅटरीतून धारा दोन्ही दिशांनी वाहते, आणि उलट्या दिशेची धारा असा ब्रेकर तोडू शकेलच असं नाही.

एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडणीत वेगळे ब्रँड कधीच घालू नयेत. एकीच्या बीएमएसने जोडणी तोडली की संपूर्ण साखळीचं व्होल्टेज त्याच्या मॉस्फेट नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचांवर येतं, आणि ते बहुधा एका बॅटरीपुरतेच बनवलेले असतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रसायनाच्या बॅटऱ्या एलएफपीबरोबर जोडणारे हौशी लोक आहेत. पण दोन्हींचा व्होल्टेज-आलेख वेगळा, तापल्यावरची वागणूक वेगळी; घरात मी ते करणार नाही. जुनी बॅटरी फारच थकलेली असेल तर तिला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर देऊन काही दिवे-पंखे तिच्यावर टाकणं जास्त सोपं, आणि वॉरंटीचा वादही टळतो.

जोडणी झाल्यावर पहिले काही दिवस दोन्ही केबलमधली धारा मोजत राहा, अर्ध्या भारावर एकदा आणि चार्जिंग संपत आलं असताना एकदा. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. स्वस्तातले बरेच मीटर फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवत बसतात.