बर्फाचे दिवस मोजणारं अस्वल

दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरनंतर कधीही फोन करून बागेची चौकशी केली की मामा तारखेत बोलत नाहीत, दिवसांत बोलतात. “आज 42वा. फुलोरा चालू आहे.” गोडी छाटणीची कात्री लागली तो दिवस पहिला, आणि तिथून पुढे फुटवे, फुलोरा, विरळणी, मण्यात पाणी उतरणं, सगळं त्या मोजणीवर. चार दिवस इकडचे तिकडे झाले की मामांच्या आवाजात काळजी ऐकू येते.

यंदा मे महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. संध्याकाळी ओट्यावर बसून ध्रुवीय अस्वलांवरचा एक शोधनिबंध वाचत होते, तर मामांनी विचारलं, “त्या पांढऱ्या अस्वलांचं सांगतात ते खरं आहे का गं? पण मला एक कळत नाही. थंडीत राहणाऱ्या जनावराला जरा ऊब मिळाली तर त्याचं वाईट काय होणार?”

प्रश्न अगदी रास्त आहे. अस्वल उकाड्याने मरतं, अशीच आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. पण सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयात 1990 साली जन्मलेलं ‘इनुका’ नावाचं ध्रुवीय अस्वल त्या दमट विषुववृत्तीय हवेत 27 वर्षं जगलं. तो काही सुखाचा संसार नव्हता, पण त्याला रोज खायला मिळत होतं. आर्क्टिकमधल्या अस्वलाचं नेमकं तिथेच अडलं आहे. ध्रुवीय अस्वल बर्फावर राहतं असं आपण म्हणतो; खरं तर बर्फ हे त्याचं ताट आहे.

त्याचं मुख्य अन्न म्हणजे रिंग्ड सील. समुद्र गोठला तरी सीलला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. म्हणून तो बर्फात भोकं राखून ठेवतो आणि पुढच्या पायांच्या नखांनी कोरून कोरून ती बुजू देत नाही. अस्वल अशा भोकाचा माग वासावरून काढतं आणि त्याच्या काठाशी जाऊन थांबतं. कधी उभं, कधी पोटावर पडून. तासन्‌तास. पंजा हलला तर बर्फातून आवाज खाली पोचेल, म्हणून पंजाही हलवत नाही. खालून पाणी जरासं हिंदकळतं, सीलचं नाक वर येतं, आणि त्या एका क्षणात अस्वलाला ते पकडून वर ओढावं लागतं. बहुतेक वेळा शिकार हुकतेच. अस्वल उत्तम पोहतं, पण मोकळ्या पाण्यात सील त्याच्या हाती लागत नाही, तिथे सीलच सरस. बर्फ नसेल तर भोक नाही, भोक नसेल तर थांबायला जागा नाही, आणि मग एवढं बलदंड जनावर किनाऱ्यावर उपाशी बसतं.

सगळ्यात मोलाचे दिवस वसंतातले. मार्च-एप्रिलमध्ये सीलच्या माद्या बर्फावरच्या हिमात पोकळ्या करून पिल्लं घालतात. आईच्या दुधावर ती पिल्लं काही आठवड्यांत इतकी गुबगुबीत होतात की दूध तुटायच्या वेळेला त्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग चरबीचा असतो. अस्वल आधी ही चरबीच खातं. मांस पुष्कळदा तसंच टाकून देतं आणि मागून येणारे कोल्हे ते संपवतात. एप्रिलपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत जे अंगावर चढेल, त्यावर पुढचे कित्येक महिने काढायचे असतात.

आणि मादीसाठी तर त्यावरच घर चालायचं की नाही हे ठरतं. ध्रुवीय अस्वलांचं मीलन वसंतात होतं, पण गर्भ लगेच रुजत नाही. पेशींचा एक इवलासा गोळा होऊन तो महिनोन्‌महिने थांबून राहतो. शरद ऋतूत मादीच्या अंगावर पुरेशी चरबी असली तरच तो गर्भाशयात रुजतो, नाहीतर विरून जातो. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या माद्यांच्या अभ्यासात साधारण 190 किलोच्या खाली वजन गेलेल्या माद्यांना पिल्लं झालेली आढळली नाहीत. ज्यांचा गर्भ रुजतो त्या गुहेत शिरतात आणि ऐन हिवाळ्यात जेमतेम अर्धा-पाऊण किलोची पिल्लं जन्मतात. आई काही खात नाही, पण तिच्या दुधात सुमारे 30 टक्के स्निग्धांश असतो. हे सगळं दूध वसंतात खाल्लेल्या सीलचंच. तिथल्या गाभण मादीचा उपवास आठ महिन्यांपर्यंत लांबतो.

हे सांगत होते तेव्हा मामा मान हलवत होते. मग म्हणाले, “म्हणजे आमची खरड छाटणीच झाली की.”

द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, भर उन्हाळ्यात, नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होत असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात. ते दिवस बिघडले तर ऑक्टोबरात कितीही खत-पाणी करा, काडी फुटते आणि घड जिरतात. मामांनी एका वाक्यात जे पकडलं ते सांगायला मला दोन परिच्छेद लागले.

आता दिवसांचा हिशोब. हडसन उपसागरावरचा बर्फ 1980च्या दशकापेक्षा आता लवकर फुटतो आणि उशिरा धरतो. बिनबर्फाचा काळ सुमारे तीन आठवड्यांनी वाढला आहे. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर 1987 साली अंदाजे 1,185 अस्वलं होती. 2016च्या मोजणीत 842 निघाली, 2021 साली 618. गेली ती मुख्यतः लहान वयाची अस्वलं आणि माद्या, म्हणजे उद्याची अस्वलं.

मग जमिनीवर काही खाता येत नाही का? हे शोधायला संशोधकांनी याच किनाऱ्यावर 20 अस्वलांच्या गळ्यात कॅमेऱ्याचे पट्टे बांधले आणि सुमारे तीन आठवडे त्यांचा दिनक्रम पाहिला. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही अस्वलं नुसती पडून राहिली, काही बोरांसारखी रानफळं, गवत, मेलेले पक्षी, हरणांची शिंगं चघळत फिरली, काही तर लांब लांब पोहून आली. वीसपैकी एकोणीस अस्वलांचं वजन घटलं, सरासरी रोज एक किलो. जी खायला फिरली त्यांची कमाई फिरण्यातच खर्च झाली. एरवी माग ठेवायला बांधतात त्या पट्ट्यांची एक गोष्ट मला फार हलवून गेली: ते सहसा माद्यांच्याच गळ्यात असतात, कारण मोठ्या नराची मान डोक्याइतकीच जाड असते आणि पट्टा सरळ निसटून पडतो. अलास्काच्या उत्तरेला अशीच पट्टा बांधलेली एक मादी 2008 साली बर्फ शोधत नऊ दिवस सलग पोहली, 687 किलोमीटर. दोन महिन्यांत तिचं वजन 22 टक्क्यांनी घटलं आणि तिच्यासोबतचं वर्षाचं पिल्लू उरलं नाही.

आर्क्टिक इतक्या झपाट्याने का तापतंय, हे समजायला भर दुपारी काळारामाच्या देवळात जावं. अनवाणी पायाने त्या काळ्या दगडाच्या फरशीवर दोन पावलं टाकली की आपण उड्या मारतच सावली गाठतो. म्हणूनच तर अनेक देवळांत आवारात चुन्याची पांढरी पट्टी ओढलेली असते. ऊन तेच, पण पट्टीवर पाय टिकतो. पांढरं ऊन परतवतं, काळं पिऊन घेतं. हिमाने झाकलेला समुद्रबर्फ आलेल्या उन्हातलं 80 ते 90 टक्के परत पाठवतो, आणि त्याच जागी मोकळं, गडद पाणी आलं की जेमतेम 6 टक्के. थोडा बर्फ वितळला की काळी फरशी उघडी पडते, ती तापते, तिच्या कडेचा बर्फ आणखी वितळतो. या आणि अशा इतर कारणांनी 1979पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. सप्टेंबर महिन्यात, जेव्हा समुद्रबर्फ वर्षात सगळ्यात कमी असतो, तेव्हाचा विस्तार दर दशकाला सुमारे 12 टक्क्यांनी आक्रसतो आहे.

“पण अस्वलं वाढली असंही कुठंतरी वाचलं,” असं मला बरेचजण म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. 1970च्या सुमारापर्यंत विमानातून, जहाजातून हौसेखातर ध्रुवीय अस्वलं मारली जात. 15 नोव्हेंबर 1973 रोजी ऑस्लोमध्ये कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या पाच देशांनी करार केला आणि अशा शिकारीला लगाम घातला. शीतयुद्धाचे दिवस, एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेली, आणि तरी हे देश एका अस्वलासाठी एका टेबलावर आले, याचं मला आजही अप्रूप वाटतं. इनुइट लोकांची पारंपरिक शिकार करारात मान्य राहिली. त्यांच्या भाषेत हे अस्वल म्हणजे ‘नानुक’, आणि त्याच्याशी त्यांचं नातं हजारो वर्षांचं. करार लागू पडला. बंदुकीने खचलेले काही कळप सावरले. आज जगात सुमारे 26,000 ध्रुवीय अस्वलं असावीत असा अंदाज आहे. सगळीकडची स्थितीही सारखी नाही: अलास्का आणि रशियामधल्या चुकची समुद्रात खाद्य मुबलक, म्हणून तिथली अस्वलं बर्फ घटूनही अजून चांगली धष्टपुष्ट दिसली आहेत. पण करार बंदूक थांबवू शकतो. बर्फाला पहारा कसा ठेवणार?

स्थानिक पातळीवर जे करता येतं ते माणसं मनापासून करत आहेत, आणि इथे नाशिककरांना वेगळं समजवायला नको. निफाडकडे ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात, आणि रात्री मादी येऊन एकेक उचलून नेते. कॅनडातल्या चर्चिल या हजारभरही वस्ती नसलेल्या गावाची तीच तऱ्हा. शरद ऋतूत अस्वलं तिथे हडसन उपसागर गोठायची वाट पाहत गोळा होतात. गस्तीची माणसं फटाक्यांसारख्या गोळ्यांनी त्यांना हुसकवतात; न ऐकणाऱ्याला पिंजऱ्यात धरून एका मोठ्या शेडमधल्या कोठडीत ठेवतात आणि नंतर हेलिकॉप्टरने लांब नेऊन सोडतात. कोठडीत पाणी देतात, अन्न नाही. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण माणसाजवळ गेलं की खायला मिळतं हे एकदा अस्वलाच्या डोक्यात बसलं तर पुढच्या खेपेला त्याला गोळीच घालावी लागेल. “आपणच त्यांना खायला का घालू नये?” या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

मी ओट्यावर वाचत होते तो निबंध 2023 सालचा, स्टीव्हन ॲमस्ट्रप आणि सेसिलिया बिट्झ यांचा. त्यांनी हरितगृह वायूंचा धूर आणि अस्वलाचा उपवास यांचा थेट हिशोब मांडला आहे. चुकची समुद्रात 1979 साली बर्फाअभावी उपवासाचे दिवस होते साधारण 12. 2020 साली 137. तिथल्या अस्वलाच्या उपवासात एक दिवस वाढायला जगभरातून सुमारे 14 अब्ज टन वायू हवेत जावे लागतात.

“वर्षाला किती जातात?” मामांनी विचारलं.

“50 अब्ज टनांच्या वर.”

त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. “साडेतीन दिवस. दर वर्षी.”

हा हिशोब उलट दिशेनेही चालतो, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. ॲमस्ट्रप आणि सहकाऱ्यांनी 2010 सालीच दाखवलं होतं की समुद्रबर्फ तापमानाच्या प्रमाणात घटतो. एका टप्प्यानंतर सगळा एकदम कोसळेल असा कडा त्यात दिसत नाही. तापमान जिथे थांबवू, बर्फही तिथल्या आसपास थांबतो. दरवर्षी 14 अब्ज टन वाचवले तर तो एक दिवस वाढायचा राहतो.

मामा काही वेळ गप्प बसले. “आम्ही छाटणी आठ दिवस पुढं ढकलू शकतो,” ते म्हणाले, “तिला ते करता येत नाही.” मग त्यांनी चपला पायात सरकवल्या. खरड छाटणीचा 37वा दिवस होता, शेंडे खुडायचे होते. पायरीवरून वळून त्यांनी विचारलं, “आणि आत्ता? तिच्याकडे काय चालू असेल?”

मे महिना. हडसन उपसागरावर अजून बर्फ आहे, सीलची पिल्लं नुकतीच दुधावरून सुटलीत. जूनअखेर, फार तर जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिला खाता येईल.